वह्यांचं कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के. जेईईसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, उपयोग झाला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या पोस्टरवरची इंग्रजी अक्षरं गिरवत बसतो, म्हणून वह्या कपाटात बंद केल्या. ते गोऱ्यांचं काम, शिवाय कॉम्प्युटरमध्ये फॉण्ट आहेतच. अजून एक ड्रॉप घ्यायला लावू का? – एक वडील, नाशिक

उत्तर : मला गुणांपेक्षा त्या कुलपाची काळजी वाटते. जे काम मुलगा कुणी न सांगता रोज करतो, तेच तुम्ही शिक्षा म्हणून काढून घेतलंत. अशाने फिजिक्स सुधारत नाही. मुलगा घरात बोलायचा मात्र थांबतो. वह्या आजच परत द्या. दुसरा ड्रॉप अजिबात नको.

आता 'गोऱ्यांचं काम'. ज्यांची ती अक्षरं, त्या जपान्यांची स्वतःची लिपी कांजी आणि काना. युद्धानंतर जपानी माल परदेशी जाऊ लागला, तसं रोमन अक्षरावर तिथल्या डिझायनरांनी कसून काम केलं. युसाकु कामेकुरा यांनी १९५०च्या दशकात निकॉन कॅमेऱ्याची पोस्टरं केली. ऑलिंपिकच्या त्यांच्या बोधचिन्हात लाल वर्तुळ, सोनेरी कड्या आणि 'टोकियो १९६४' एवढंच आहे. पुढच्या पिढीतले अकिरा कोबायाशी तर २००१मध्ये जर्मनीतल्या लायनोटाइप या फॉण्ट कंपनीचे टाइप डायरेक्टर झाले आणि हर्मान झाप्फ, आद्रियाँ फ्रुटिगर या युरोपातल्या नामवंत अक्षररचनाकारांसोबत त्यांचेच टाइपफेस, म्हणजे अक्षरांचे संच, सुधारायला बसले.

मुलाला 'टोकियो'ची पाच रोमन कॅपिटल्स १० सेंमी उंचीची काढू द्या आणि शेजारी बसून बघा. 'ओ' बाकीच्यांइतकाच उंच ठेवला तर खुजा दिसतो. वर-खाली साधारण एकेक मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. आडवी रेघ उभीइतकीच जाड ठेवली तर जास्त जाड भासते. पट्टीने सारखं अंतर मोजलं तर 'के' आणि 'वाय'च्या पायथ्याशी भोक पडतं, 'टी'च्या दांडीखाली पोकळी राहते. मग 'ओ' तिच्यात सरकवायचा. कागद उलटा धरला की चूक लगेच दिसते. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फॉण्टमध्येही हे सगळं कुणीतरी डोळ्याने जुळवलेलं असतं.

यूसीड, एनआयडीची डॅट, अप्लाइड आर्टची सीईटी या डिझाइन आणि कलेच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षा : पात्रता आणि तारखा बघून फॉर्म भरा. पोर्टफोलिओत पोस्टरच्या नकला नकोत. 'नाशिक' रोमन आणि देवनागरीत शेजारी-शेजारी जुळवून दाखवू दे, खोडलेल्या कच्च्या रेखाटनांसकट. नुसत्या फॉण्टवर चालणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच आहेत, हेही त्याला स्पष्ट सांगा. सुरुवात बहुधा ब्रँडिंग किंवा पॅकेजिंगच्या स्टुडिओत होईल. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकला तर उत्तम, फॉण्ट तयार करताना ती उपयोगी पडते.