कीर्तन करायचं की म्हणायचं?

प्रश्न असा आहे: चेन्नईच्या मैफलीत निवेदक ‘आता त्यागराजांचं कीर्तन’ म्हणतो आणि गायिका बसल्या जागी एक गाणं म्हणते. ना पूर्वरंग, ना आख्यान. मग शब्द चुकला का? त्यागराज म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार; त्यांच्या गाण्याला ‘कृती’ म्हणायला हवं होतं का?

शब्द चुकलेला नाही. आपण कीर्तन ‘करतो’, बुवा कीर्तनाला ‘उभे राहतात’. तेलुगू-तमिळ मुलखात कीर्तन म्हणजे एक गाणं. ते म्हणायचं असतं. ‘चार कीर्तनं झाली’ म्हटलं की आपल्याला चार रात्री आठवतात, त्यांना चार गाणी.

कृती आणि कीर्तन कानाला भावंडं वाटतात, पण धातू वेगळे. कृती ‘कृ’पासून, म्हणजे केलेली, रचलेली वस्तू. कीर्तन ‘कॄत्’पासून: नाव घेणं, वाखाणणं. ‘कीर्ती’ही तिथलीच. (‘क्रिती’ मात्र लिहू नका, ते रोमन लिपीतून आलेलं ध्यान आहे.)

गंमत म्हणजे संगीतातला फरकही बराचसा असाच आहे. कीर्तनात चाल सोपी, एकाच चालीवर अनेक चरण, म्हणजे जमलेल्यांना मागून म्हणता यावं. त्यागराजांची (१७६७–१८४७) दिव्यनाम कीर्तनं अशी आहेत. भजनात दिव्याभोवती फिरत ती म्हणतात. कृतीत पल्लवी (ध्रुवपद), अनुपल्लवी (त्याला जोडून येणारा भाग), चरण (कडवं) आणि एकेका ओळीवर चढत जाणाऱ्या संगती, म्हणजे त्याच ओळीची नवनवी रूपं; तिथे राग उलगडायचा असतो, आणि त्याला गळा तयार लागतो. तंजावरजवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेत, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवात, शेकडो गायक मिळून गातात त्या नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री रागांतल्या पाच रचनांना म्हणूनच ‘पंचरत्न कृती’ हे नाव शोभतं. तेलुगू माणूस त्यांनाही सर्रास ‘पंचरत्न कीर्तनलु’ म्हणतो, तमिळमध्ये ‘कीर्तनै’ कुठल्याही कृतीला चालतं. तेव्हा निवेदकाला सोडून द्या.

मग आपल्या अर्थाचं कीर्तन तिकडे नाहीच का? आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला गेले, त्यांची कीर्तनं तिथे गाजली आणि तंजावरच्याच कृष्ण भागवतरांनी तो बाज तमिळमध्ये आणला. त्याला नाव पडलं हरिकथा, किंवा कथाकालक्षेपम्. ‘कीर्तन’ हा शब्द आधीच गाण्याने अडवून ठेवला होता म्हणून, असा माझा तर्क. साकी, दिंडी, ओवी ही मराठी छंदांची नावं मात्र भागवतरांनी तशीच ठेवली.