‘स्प्रेड’ म्हणजे मांडणी की डाव?

प्रश्न बेळगावातून, टिळकवाडीतून आलाय. टॅरो, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, शिकणाऱ्या काही जणी स्वतःचे नवे स्प्रेड तयार करून तपासतात आणि नोंदी मराठीत ठेवतात. एकीने ‘मांडणी’ लिहिलं, दुसरीने ‘डाव’. ‘रिव्हर्स्ड’ला, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेल्या पत्त्याला, सगळ्यांनीच ‘उलटा पत्ता’ लिहिलं. महिन्याभराने वही उघडली तर काय पडलं होतं आणि कसं, याचा पत्ता लागेना. नेमके शब्द कोणते?

मांडणी आणि डाव, दोन्ही ठेवा, पण एकाच अर्थाने वापरू नका. ‘स्प्रेड’ या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्यात. एक म्हणजे आराखडा: किती पत्ते, कोणती जागा कशासाठी. दुसरी म्हणजे आज, या माणसाच्या प्रश्नाला प्रत्यक्ष पडलेले पत्ते. आराखडा ती मांडणी, पडलेले पत्ते तो डाव. मांडणी बसवतात, डाव मांडतात. नवीन काही तपासायचं असेल तर हा फरक पाळावाच लागतो, कारण एका मांडणीचे अनेक डाव पाहिल्याशिवाय खोट मांडणीत आहे की त्या एका डावात, हे कळत नाही.

‘डाव’ला जुगाराचा वास येतो अशी हरकत काही जणींनी घेतली आहे. पण आपल्या भागातल्या बोलीत ‘एक डाव सांग की’ म्हणजे ‘एकदा सांग’. एका वेळेपुरतं, हा अर्थ या शब्दात आधीच मुरलेला आहे आणि इथे हवाही तोच. शिवाय टॅरो जन्मला तो पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत, खेळाचे पत्ते म्हणूनच. त्यांवरून भविष्य सांगण्याची चाल अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. तेव्हा ‘डाव’ने टॅरोचा काही अपमान होत नाही.

मांडणीतल्या प्रत्येक जागेला ‘घर’ म्हणा. कुंडलीत घर आहे, सोंगट्यांच्या पटावर घर आहे आणि कन्नड बोलणारी मैत्रीण सोबत असेल तर तिलाही ‘मने’ म्हटलं की लगेच समजतं, कारण कुंडलीच्या घराला तिच्याकडेही तेच म्हणतात. ‘स्थान’ चालेल, पण बोलताना जड वाटतं.

घर बसवताना एक नियम कडक पाळा: त्याचा अर्थ पत्ता काढायच्या आधी लिहून ठेवायचा, पूर्ण वाक्यात. नुसतं ‘भविष्य’ नको, ‘पुढच्या तीन महिन्यांत काय बदलेल’ असं हवं. अर्थ मोकळा सोडला की पत्ता पाहून घर वळवलं जातं आणि मग कुठलाही डाव बरोबरच येतो.

त्यानंतर अदलाबदल करून पाहा. समजा प्रश्न आहे, खानापूरचं काम सोडून पुण्याला जावं का. पाच घरं आहेत: आताची स्थिती, अडथळा, आधार, गेल्यास, राहिल्यास. ‘अडथळा’मध्ये नाण्यांचा चौका पडला. 1909 च्या रायडर-वेट कॅटमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला तो माणूस आठवा: एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली. इथे त्याचं वाचन, पैसा हातचा सुटत नाही. तोच पत्ता ‘आधार’मध्ये ठेवून वाचला तर, गाठीला काही शिल्लक आहे. वाचन बदललं, म्हणजे ही दोन घरं खरोखर वेगळी आहेत. आता ‘आधार’च्या जागी ‘भीती’ असं घर घालून बघा. ‘अडथळा’ आणि ‘भीती’ यांतले पत्ते आलटूनपालटून ठेवले तरी वाक्य जवळपास तेच निघतं. चार-पाच डावांत असंच झालं तर दोन्ही घरं एक करा. दहा-बारा घरांच्या नव्या मांडण्या फसतात त्या बहुतेक याच कारणाने: घरं वाढतात, प्रश्न तेवढेच राहतात.

आता ‘उलटा’. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो, पाठ वर असलेल्या पत्त्यालाही आणि डोकं खाली असलेल्यालाही. नोंदींचा घोळ झाला तो इथेच. आपल्याकडे दोन नेमक्या जोड्या आहेत. चित्र वर असेल तर पत्ता उताणा, पाठ वर असेल तर पालथा. चित्राचं डोकं वर असेल तर सुलटा, खाली असेल तर उफराटा. ‘रिव्हर्स्ड’ला उफराटा लिहा, गोंधळ उरणार नाही. केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीत दुसरा पत्ता पहिल्यावर आडवा पडतो, तो सुलटाही नाही आणि उफराटाही नाही. त्याचा नियम मांडणीतच लिहून टाका. बहुतेक जण तो सुलटा धरतात. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचे 120 गोल पत्ते वापरून पाहायचे मनात असेल तर तिथे उफराटा हा प्रकारच टिकणार नाही. गोल पत्ता कुठल्याही कोनात पडतो.)

उफराटे धरणार असाल तर पिसण्याकडे लक्ष द्या. नुसतं हातावर पिसून पत्त्यांचं तोंड फिरत नाही, सगळे सुलटे होते तर सुलटेच राहतात. पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही हातांनी गोल फिरवत कालवा, गोळा करा, मग पिसा आणि काटा. मागच्या डावातले पत्ते एकत्र उचलून तसेच कॅटवर ठेवले आणि वरवर पिसलं तर पुढच्या डावात तेच शेजारी पुन्हा भेटतात, आणि वाचणारीला त्यात उगाच संकेत दिसतो.

थोडा हिशोबही हवा. 78 पत्त्यांत मेजर अर्काना, म्हणजे नाणी वगैरे रंगांत न मोडणारे मोठे पत्ते, 22, बाकी 56. पाच घरांच्या डावात एकही मेजर न येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, तीन घरांत 36 टक्के. म्हणून ‘या घरातला मेजर पत्ता मुख्य धडा सांगेल’ अशी अट घातलेली मांडणी अनेकदा रिकामी जाते. असं घर हवंच असेल तर 22 पत्त्यांचा ढीग वेगळा करा आणि त्या घरापुरता त्यातून पत्ता काढा.

शेवटची तपासणी वाचनाची. तिघींसाठी एकाच मांडणीचे तीन डाव मांडा, वाचनं नावाशिवाय आणि त्यांचे प्रश्न न उघड करता लिहा, मग प्रत्येकीला स्वतःचं ओळखायला सांगा. अंदाजानेही तिघींतली सरासरी एक बरोबर येईल, तेव्हा एका फेरीवर निकाल ठरवू नका, वेगवेगळ्या प्रश्नांवर फेऱ्या करा. तिन्ही वाचनं तिघींनाही आपलीच वाटली तर घरांचे अर्थ फार सैल आहेत. ही परीक्षा मांडणीची आहे. पत्त्यांना भविष्य कळतं का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तर यातून मिळत नाही.

वहीत वर एक ओळ पुरे: ‘मांडणी: जावं की राहावं, घरं 5, उफराटे धरले, कालवून पिसले, डाव 3.’ घराचा अर्थ एका शब्दाने जरी बदलला तरी मांडणीला नवं नाव द्या आणि डावांची मोजणी पुन्हा 1 पासून करा.