पुढचा थांबा : पाच माणसं, दोन दिवस, सहा हजार रुपये

प्रश्न : आम्ही धनकवडीला राहतो. मी, मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. गाडी नाही, एक स्कूटर आहे. मिस्टरांना शनिवार-रविवार जोडून सुट्टी महिन्यातून एकदाच मिळते. मुलांना समुद्र हवाय, मिस्टरांना महाबळेश्वर, आणि सासूबाई म्हणतात, देवदर्शन नसेल तर मी आपली घरीच बरी. सगळं मिळून सहा हजार बाजूला काढलेत, त्यावर एक रुपया नाही. थंडी आहे तोवर जाऊन यायचंय. कुठं जावं?
— एक सूनबाई, पुणे

उत्तर : ताई, आधी समुद्राचं सांगतो, कारण तो गुन्हा मी स्वतः केलाय. पोरं लहान असताना साडूबरोबर भाड्याची जीप करून आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. पहाटे पाचला निघालो. ताम्हिणी घाटात धाकट्यानं दोनदा ओकून मेहुणीच्या नव्या साडीची वाट लावली. पोचलो साडेअकराला. फोनवर ‘समुद्राला लागून’ सांगितलेल्या खोलीची खिडकी उघडली तर समोर गोठा. मालक म्हणाला, ‘लागूनच आहे की, मध्ये फक्त तीन वाड्या!’ रविवारी दहालाच परत फिरलो, कारण सोमवारी पहाटेची ड्युटी. मी एसटीत एकोणतीस वर्षं वाहक होतो, त्यामुळं हिशेबाची खोड. घरी आल्यावर वे-बिल भरावं तसं मांडलं: गाडीत तेरा तास, समुद्राच्या पाण्यात पावणेदोन.

तेव्हापासून आमच्या घरात दोन दिवसांच्या सहलीला एकच माप लावतात. घराला कुलूप लावल्यापासून खोलीत पिशवी टेकेपर्यंत चार तास. किलोमीटर विचारू नका, तास विचारा. मुलांना सांगा, समुद्र मे महिन्यात, चार दिवस काढून.

आता महाबळेश्वर. तिथं शनिवारचा भाव वेगळा असतो हे तुमच्या मिस्टरांनाही ठाऊक असणार. ज्या गावात लोक फक्त फिरायलाच येतात, तिथं चहापासून चादरीपर्यंत सगळ्यावर सुट्टीचा कर बसतो. त्याऐवजी बाजारपेठेचं, तालुक्याचं गाव धरावं. तिथली खानावळ रोज शिक्षकांना, कोर्टातल्या कारकुनांना, बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना जेवू घालत असते. शनिवारी ताट महाग केलं तर सोमवारी तेच गिऱ्हाईक जाब विचारतं.

म्हणून तुम्ही वाईला जा. सासूबाईंना देव, मिस्टरांना घाटावरची हवा, मुलांना समुद्र नाही पण कृष्णेचं पाणी. स्वारगेटवरून अडीच-तीन तास. महाबळेश्वरच्या साध्या गाड्या सुरूर फाट्याला वळून वाईवरूनच वर जातात, शिवाय खास वाईच्याही आहेत. धनकवडीहून कात्रजला गाडी पकडायचा मोह होईल, तो टाळा. शनिवारी कात्रजला येईपर्यंत गाडीत आजींना बसायला जागा उरत नाही. उलटं स्वारगेटला जा आणि सातच्या आत गाडीत बसा.

आता तिकीट. हे माझं खास खातं. मिस्टरांचं पूर्ण. तुमचं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. मुलीचं अर्धं, पाच ते बारा वयाचं. मुलगा चारचा, त्याचं तिकीट नाही, मांडीवर घ्या. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढं, त्यांना फुकट. पण ‘फुकट आहे’ म्हणून त्यांनी गप्प बसू नये. आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. तपासनीस आला तर ते हातात हवं. म्हणजे पाच माणसं आणि दोन तिकिटं! दीडशे-पावणेदोनशेच्या घरात एक धरलं, तर जाऊन-येऊन सातशेत काम होतं. एवढ्यात एखादी चारचाकी खंबाटकी घाटसुद्धा चढवून देणार नाही.

खोलीसाठी निघायच्या आधी फोन करा. ‘किती पैसे’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी हे विचारा: तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, जादा गादी धरून भाव किती. आमच्या हिच्या गुडघ्यांनी मला हे प्रश्न शिकवले. तीन जिने चढवून स्वस्तातली खोली दिली, तर आजी दोन दिवस खालीच येत नाहीत. पाच जणांना एक मोठी खोली दीड-दोन हजारांत बघा. बाजारपेठेत घ्या, म्हणजे घाट चालत गाठता येतो आणि रिक्षाचे पैसे वाचतात.

शनिवारी दुपारी जेवून सगळ्यांना झोपवा. खरंच सांगतो, झोपवा. सुट्टीत दुपारची झोप काढायला लोक लाजतात आणि संध्याकाळी एकमेकांवर खेकसतात. उन्हं उतरली की मेणवलीला जा. तीन किलोमीटर, रिक्षा जाता-येता ठरवून घ्या. नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा. वाड्याच्या मागं कृष्णेचा घाट. तिथं देवळाजवळ एक मोठी घंटा टांगली आहे. मुलीला ती जवळून बघू द्या. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यातली ही एक. सासूबाई घाटावर बसतील, मुलं पायऱ्या मोजतील, तुम्हाला अर्धा तास कुणी हाक मारणार नाही. कडेचं पाणी खोल असतं, धाकट्याचा हात सोडू नका तेवढं.

परत येऊन गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की लोक पुढच्या पुढं निघून जातात. तुम्ही मुलांना घेऊन देवळाच्या मागं जा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेलीय. कृष्णेचा पूर येऊन धडकला तर पाणी दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून. मी माझ्या नातवाला तिथंच दाखवलं होतं. बाटलीतलं पाणी आधी पसरलेल्या तळहातावर ओतलं, ते थडकून सगळीकडं उडालं. मग दोन्ही हात नमस्कारासारखे जोडून टोकावर ओतलं, ते गुपचूप दोन बाजूंनी निघून गेलं. नातू म्हणाला, ‘म्हणजे गणपतीनं पाण्याला नमस्कार केला.’ मला तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी पहिल्या-दुसऱ्या गाडीनं पसरणी घाटातून पाचगणी. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. टेबललँडवर नऊच्या आत पोचलात तर वारा आणि गवत तुमचं. अकरानंतर ते घोड्यांचं. थंडीत स्ट्रॉबेरी असतेच. पॉइंटवर घेऊ नका, बाजारात घ्या, आणि डबा उलटून खालचा थर बघा. एकपर्यंत वाईत परत. मिस्टरांना सांगा, महाबळेश्वर यापुढं फार तर वीस किलोमीटर होतं, हवा हीच होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परतीचं. रविवारी दुपारी तीननंतर वरून येणाऱ्या गाड्या वाई स्टँडला भरूनच येतात. मी स्वतः त्या गाडीच्या दारात उभं राहून ‘जागा नाही, मागून गाडी आहे’ असं शेकडो माणसांना सांगितलंय. मागून गाडी असायचीच असं नाही. वाईला स्वतःचं आगार आहे. तिथूनच सुटणारी वाई-स्वारगेट गाडी कधी लागते ते शनिवारी उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. ती रिकामी लागते.

हिशेब: एसटी सातशे, खोली दोन हजार, जेवणखाण दोन हजार, मेणवलीची रिक्षा चारशे, पाचगणी जाऊन-येऊन दोनशे. झाले पाच हजार तीनशे. उरलेले सातशे तुम्ही ठेवा, मिस्टरांच्या खिशात देऊ नका.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे चार मित्र, कॉलेजला आहोत. माणशी पंधराशे रुपये. लोणावळा तीनदा झालं. एक रात्र बाहेर काढायची आहे. किल्ला हवा, पण ट्रेकिंगवाले आम्ही नाही.
— चौघे

उत्तर : पोरांनो, चढ नसलेला किल्ला म्हणजे अलिबागचा कुलाबा. लोकलनं सीएसएमटी, गेटवेवरून मांडव्याची बोट. बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, पण तिकीट घेताना विचारून घ्या. पावसाळ्यात ही बोट बंद असते, तेव्हा उगाच गेटवेला जाऊन कबुतरं मोजाल.

किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. सगळे तिथं जाऊन मग विचारतात, ‘ओहोटी कधी?’ माझा अलिबागकडचा एक चालक मित्र हे कॅलेंडर बघून सांगायचा. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती, आणि सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. पंधरवडा कुठलाही चालतो. तेव्हा चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा रविवार धरा, सकाळी जाल आणि उन्हाच्या आत परत याल. हा अंदाज झाला. वाळूवर उतरण्याआधी तिथल्या घोडागाडीवाल्याला विचारा, आणि तो ‘निघा’ म्हणाला की निघा. सेल्फी राहिला तर राहू द्या.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारं असताना. गणपतीचं देऊळ आहे. हे आंग्र्यांचं ठाणं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, तीही बघा, फुकट आहे.

मुक्काम अलिबागच्या किनाऱ्यावर नको. आक्षी किंवा नागावला घरगुती खोल्या असतात. चौघांत एक खोली घ्या, जेवण त्याच घरात सांगा. किती माणसं जेवणार आणि मासे हवेत की नकोत, हे आदल्या दिवशी कळवा. ऐनवेळी सांगितलं की सुरमईचा भाव लागतो. आदल्या दिवशी सांगितलं तर घरधनीण बांगडा आणून ठेवते आणि तो जास्त चांगला लागतो. फेब्रुवारीनंतर गेलात तर पांढऱ्या कांद्याची वेणी आईसाठी आणा. पुढच्या वेळेला परवानगी लवकर मिळेल.

प्रश्न : नागपूरहून एका रात्रीसाठी शांत जागा सुचवा. आम्ही दोघेच, निवृत्त शिक्षक. पचमढी, चिखलदरा आता गुडघ्यांना झेपत नाही. गर्दी नको.
— एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, सेवाग्राम. तुम्ही वर्गात शंभरदा शिकवलं असेल, पण मुक्कामाला गेला होतात का? नागपूरहून रेल्वेनं तास-दीड तास. आश्रमासमोर यात्री निवास आहे, साधं, स्वच्छ. आधी कळवून जा. चढ-उतार नाही, सगळं एका पातळीवर.

गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. गावाचं मूळ नाव शेगाव. पण टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं आणि तिकडचं इकडं, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम केलं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी मनापासून हसलो. माझ्या मार्गावर सातारा जिल्ह्यातलं खंडाळा आहे. लोणावळ्याजवळचं खंडाळा समजून चढलेलं एक नवं जोडपं मी शिरवळच्या पुढं उतरवून परतीच्या गाडीत बसवलंय. बाई इतकी रागावली होती की पाट्या मीच रंगवल्यात असं तिला वाटलं असावं.

बापू कुटीत सकाळी लवकर जा, शाळांच्या सहली यायच्या आत. खाली बसवत नसेल तर बाहेर झाडाखाली थांबा, तिथंही तेवढीच शांतता आहे. दुपारी वर्ध्याचं मगन संग्रहालय, संध्याकाळी रिक्षानं पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. परतताना वर्ध्यात गोरस भांडारातून गोरसपाक घ्या. दोन पुडे घ्या, एक गाडीतच संपतो.