एआयने बनवलेल्या चित्रावरची खूण काढून एडिट केलं तर चालतं का?

प्रश्न असा आहे: "मी सांगलीत फ्लेक्स आणि जाहिरातींचं डिझाइन करतो. गूगलच्या जेमिनी या एआयमध्ये बनवलेल्या चित्राच्या कोपऱ्यातली चांदणी क्रॉप केली, फोटोशॉपमध्ये थोडे बदल केले आणि ग्राहकाला दिलं, तर तो गुन्हा होतो का? आणि यात मेटाडेटा उडाला तर जबाबदार कोण?"

नुसती चांदणी क्रॉप करणं हा भारतात आज स्वतंत्र गुन्हा नाही. पण तुम्ही चांदणीवर अडकलाय आणि खरी भानगड दुसरीकडे आहे: त्या चित्रात काय दाखवलंय, आणि ते पुढे कुठे चढवलं जाणार आहे. मी वकील नाही, छपाई-डिझाइनच्या धंद्यातलाच माणूस आहे. ग्राहक सारखे हेच विचारायला लागले म्हणून नियम मुळातून वाचले, त्यातलं आपल्या कामाचं सांगतो.

'वॉटरमार्क' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवतो. एक म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, तुमची ती उजव्या खालच्या कोपऱ्यातली चांदणी. ती फारशी मनावर घेऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने सगळ्यात महागड्या अल्ट्रा प्लॅनच्या ग्राहकांसाठी ती स्वतःहूनच काढून टाकली, कारण व्यावसायिक काम करणाऱ्यांना चित्र कोरं हवं असतं. जास्त पैसे भरले की जी खूण जाते, तिच्यावर कुठल्या कायद्याचा डोलारा उभा असेल?

दुसरी गोष्ट फाइलीच्या पोटात असते, ती म्हणजे मेटाडेटा, म्हणजे चित्राबद्दलची लिखित माहिती. आपल्याला त्यातलं एक्झिफ (कॅमेऱ्याची माहिती) आणि आयपीटीसी (मथळा, फोटोग्राफरचं नाव वगैरे) माहीत असतं, पण एआय चित्रांच्या बाबतीत मुख्य आहे ते सीटूपीए नावाचं मानक. अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, आर्म, बीबीसी आणि ट्रूपिक यांनी २०२१ मध्ये मिळून ते सुरू केलं. अ‍ॅडोबीच्या मेन्यूत ते 'कंटेंट क्रेडेन्शियल्स' या नावाने दिसतं. चित्र कशाने बनवलं, कधी बनवलं, नंतर काय काय केलं, याची नोंद त्यात डिजिटल सही करून ठेवलेली असते. अ‍ॅडोबीच्या फायरफ्लाय या एआयच्या चित्रांत ती येते, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेही फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या चित्रांत ती घालायला सुरुवात केली.

तिसरी खूण ना दिसते, ना मेटाडेटात सापडते. गूगलच्या सिंथआयडी या तंत्राने ती थेट पिक्सेलमध्येच विणलेली असते. क्रॉप, फिल्टर, जेपीजीचं कॉम्प्रेशन एवढं सोसून टिकावी अशाच बेताने ती बनवली आहे. कितीही मोडतोड केली तरी टिकेलच असं नव्हे, पण तुम्ही म्हणताय तेवढ्या एडिटिंगने ती जाईल या भरवशावर राहू नका. २०२५ च्या शेवटापासून कुणीही जेमिनी अ‍ॅपमध्ये चित्र टाकून "हे गूगलच्या एआयने बनवलंय का?" असं विचारू शकतो. म्हणजे तुम्ही चांदणी कापून "हाताने काढलंय" म्हणालात आणि ग्राहकाच्या कॉलेजातल्या पोराने संध्याकाळी ते चित्र अ‍ॅपमध्ये टाकलं, तर मिनिटभरात पितळ उघडं पडतं. शिवाय गूगलच्या वापराच्या अटींत एक ओळ स्पष्ट आहे: फसवण्याच्या हेतूने, एआयने बनवलेली गोष्ट निव्वळ माणसाने बनवली असं भासवायचं नाही. ते अटींचं उल्लंघन आहे, मग चांदणी असो वा नसो.

आता मेटाडेटाचं. सीटूपीए समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही क्रॉप केलं, रंग बदलले, तर जुनी नोंद पुसली जात नाही. तिला नवी नोंद जोडली जाते आणि मूळ चित्र 'घटक' म्हणून आत राहतं. सातबाऱ्यावर फेरफार चढतो तसंच हे: जुन्या नावाला कंस होतो, पण ते नाव वाचता येतं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी कंटेंट क्रेडेन्शियल्सचं पॅनेल चालू करावं लागतं आणि एक्स्पोर्ट करतानाही तो पर्याय बघावा लागतो. आपल्यातले बहुतेक जण एक्स्पोर्टच्या खिडकीत मेटाडेटा 'नन' ठेवतात, कारण फाइल हलकी होते. तिथेच साखळी तुटते.

सीटूपीए न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल गेली तर दोनपैकी एक होतं. एक तर नोंद सरळ गळून पडते. नाहीतर नोंद राहते पण चित्राचा हॅश (फाइलीवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) तिच्याशी जुळत नाही, आणि तपासणाऱ्या साइटवर 'नंतर बदल झालाय' असं दिसतं. फ्लेक्सच्या कामात चित्र कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, त्यावर मजकूर चढवायचा, छपाईची टिफ फाइल काढून मशीनवर पाठवायची, हा तर रोजचाच प्रवास. त्यात मूळ नोंद सहसा टिकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवलं की ते पुन्हा कॉम्प्रेस होतं आणि मेटाडेटा जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते. स्क्रीनशॉटची तर गोष्टच सोडा. तेव्हा कामाच्या ओघात मेटाडेटा गेला म्हणून घाबरू नका. पण "मेटाडेटात काही सापडलं नाही, म्हणजे फोटो खरा" असंही कुणाला सांगू नका.

आता नियमाकडे येतो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने १० फेब्रुवारी २०२६ रोजी २०२१ च्या आयटी नियमांत दुरुस्ती केली. ती २० फेब्रुवारीपासून लागू झाली. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात चित्राच्या किमान १० टक्के भागावर लेबल हवं असं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि अंतिम नियमांत ही टक्केवारी गेली. राहिलं ते असं: जी सेवा अशी चित्रं बनवून देते, तिने ठळक लेबल लावायचं, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथवर कायमस्वरूपी मेटाडेटा किंवा ओळखक्रमांक घालायचा. ते लेबल किंवा तो मेटाडेटा काढायची, बदलायची, लपवायची सोय तिने द्यायची नाही. मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी चढवणाऱ्याकडून "हे कृत्रिम आहे का" याचं घोषणापत्र घ्यायचं, शिवाय ते स्वतःच्या यंत्रणेने पडताळायचं. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की मजकूर ३ तासांत हटवायचा. आधी ही मुदत ३६ तासांची होती.

नीट वाचलंत तर हा बोजा मुख्यतः कंपन्यांवर आहे, डिझायनरवर नाही. 'वॉटरमार्क काढून देतो' म्हणून जाहिरात करणारी जी अ‍ॅप्स आहेत, ती मात्र माझ्या मते थेट या कलमाच्या तोंडासमोर बसली आहेत. त्यांच्या नादी लागू नका. चिनी नियम याहून कडक आहेत: १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे असं लेबल वाईट हेतूने काढायला, बदलायला, लपवायला कुठल्याही व्यक्तीला वा संस्थेला मनाई आहे. आपल्याकडे अजून तसं नाही.

दुसरं म्हणजे नियमातली व्याख्या. एआयचं प्रत्येक चित्र त्यात येत नाही. जे चित्र खरं वाटेल अशा रीतीने एखादी व्यक्ती किंवा घटना दाखवतं, आणि खऱ्या माणसापासून वा प्रसंगापासून वेगळं ओळखू येणार नाही, तेच यात येतं. रंग सुधारणं, नॉइज काढणं, कॉम्प्रेस करणं अशी प्रामाणिक, नेहमीची दुरुस्ती वगळलेली आहे, फक्त त्याने मूळ अर्थ बदलता कामा नये. म्हणजे मिसळ हाउसच्या बॅनरसाठी जेमिनीतून कार्टून आचारी काढला, त्याची चांदणी क्रॉप केली, तर निवांत झोपा. मिसळीच्या फोटोचा रंग वाढवला तरी काही बिघडत नाही (तर्री तेवढी लाल नसते हा वेगळा विषय).

आता आपल्या धंद्यातलं खरं दुखणं. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम येतं, सोबत भाऊंचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या बाहीतला फोटो, आणि मागणी असते: "साहेबांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवलाय असं करून द्या." पूर्वी आपण दोन कटआउट शेजारीशेजारी लावायचो. कडा दिसायच्या, उजेडाची दिशा जुळायची नाही, आणि बघणाऱ्याला जोडकाम आहे हे लांबूनच कळायचं. आता एआय तो हात, शर्टावरची सुरकुती, दोघांवर पडलेला एकच उजेड, सगळं इतकं बेमालूम करून देतो की न झालेली भेट झालेली दिसते. हे चित्र व्याख्येत अगदी चपखल बसतं. फ्लेक्सवर छापलं तोवर आयटी नियमांचा संबंध नाही म्हणाल, पण त्याचा फोटो दुपारपर्यंत फेसबुकवर चढलेला असतो. तिथे चढवणाऱ्याने घोषणापत्रात "कृत्रिम नाही" म्हटलं तर ते खोटं होतं. त्या साहेबांनी किंवा त्यांच्या विरोधकांनी तक्रार केली, तर चांदणी कुणी कापली हे कुणी विचारत नाही. चित्र कुणी बनवलं हेच विचारतात. मग प्रसंगानुसार तोतयेगिरी, बनावट दस्तऐवज, बदनामी अशी जुनीच कलमं लागू शकतात.

निवडणुकीचं काम असेल तर आणखी जपा. भारत निवडणूक आयोगाने २४ ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेत पक्ष आणि उमेदवारांना सांगितलंय की प्रचारातल्या एआय चित्रावर दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेत लेबल हवं, आणि बनवणाऱ्या जबाबदार संस्थेचं नाव मेटाडेटात किंवा मथळ्यात हवं. केंद्राच्या नियमांतून गेलेले १० टक्के इथे आहेत, त्यामुळे "ती अट रद्द झाली ना?" असं उमेदवाराचा माणूस म्हणाला तर त्याला हे दाखवा.

हयात कलाकारांचे चेहरे-आवाज घेत असाल तर ते वेगळंच प्रकरण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना त्यांच्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं, २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही दिलं. तिथे लेबल लावलं म्हणून सुटका होत नाही, परवानगीच लागते.

उलटा त्रासही होतो, तोही माहीत असू द्या. २०२४ मध्ये मेटाने इन्स्टाग्राम-फेसबुकवर 'मेड विथ एआय' असं लेबल लावायला सुरुवात केली, आणि स्वतः कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवरही ते झळकायला लागलं, कारण फोटोशॉपमध्ये एखादा डाग एआय टूलने पुसला की मेटाडेटात तशी नोंद पडायची. फोटोग्राफरांनी आरडाओरडा केल्यावर जुलैमध्ये ते 'एआय इन्फो' झालं. तेव्हा लग्नाचे फोटो करताना मागची विजेची तार काढायला फोटोशॉपचं एआयवालं जनरेटिव्ह फिल वापरायचं की शेजारचा भाग हाताने उचलून वर चढवणारं साधं क्लोन स्टॅम्प, हे ठरवताना याचा विचार करा. मी छोट्या कामाला क्लोन स्टॅम्पच वापरतो. लेबल टाळायचं म्हणून नव्हे, तर एका तारेपायी नवरीच्या फोटोवर 'एआय' दिसलं की तिच्या वडिलांची समजूत काढत बसावं लागतं म्हणून.

आणि कृपा करून एआयची खूण आणि दुसऱ्याच्या मालकीची खूण यांची गल्लत करू नका. स्टॉक साइटच्या प्रिव्ह्यूवरचं आडवं-तिडवं नाव किंवा एखाद्या फोटोग्राफरची सही एआयने पुसली, तर तिथे कॉपीराइट कायद्याचं कलम ६५बी आहे. हक्कांची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चांदणीबद्दल विचारताना लोकांच्या मनात बरेचदा हेच कलम असतं, पण चांदणी कुणाची मालकी सांगत नाही, चित्र कशाने बनलं एवढंच सांगते.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. जनरेट झालेली मूळ फाइल, हात न लावता, कामाच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवतो, कारण तपासायची वेळ आली तर सही असलेली नोंद तिच्यातच असते. चांदणी मांडणीच्या आड येत असेल तर क्रॉप करतो, पण माणूस किंवा प्रसंग खरा वाटणारा असेल तर खाली वाचता येईल अशा टाइपात 'एआय-निर्मित चित्र' लिहितो. तीनचार फुटांवरून न दिसणारा सहा पॉइंटचा टाइप म्हणजे लेबल नव्हे. बिलावर 'एआय चित्र, डिझाइनसह' अशी ओळ टाकतो आणि अंतिम फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच देतो, सोबत एक ओळ: "हे सोशल मीडियावर टाकताना एआय असल्याचं कळवा." आणि खांद्यावर हात मागणाऱ्या भाऊंना दोन कटआउट शेजारीशेजारी लावून देतो, मध्ये फुलांचा हार टाकून. त्यावर आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.