मूळ कागद वाच

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तो सल्लागार म्हणतो, पाच टक्के द्या, पस्तीस टक्के अनुदान खात्यात आणून देतो. आणि त्या पैशाच्या भरवशावर तू मार्चमध्ये तुझ्या मसाल्यासाठी संकेश्वरी मिरची भरून ठेवायचं ठरवलंयस. मिरचीवाल्याला शब्द देऊन बसली नसलीस म्हणजे मिळवली.

योजनेच्या मार्गदर्शक सूचना तू वाचल्यास का? सल्लागाराचा रंगीत कागद नव्हे, सरकारनं काढलेल्या सूचना. नसतील वाचल्या तर हे पत्र संपवून आधी ते कर.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना 2020 साली आली. पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. इथपर्यंत त्या माणसानं तुला खरं सांगितलं. पुढचं त्यानं गाळलं. हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. आधी बँकेनं कर्ज मंजूर करायचं, किमान 10 टक्के तू स्वतःचे घालायचे, आणि मग आलेलं अनुदान बँक बाजूला ठेवते. तीन वर्षांनी तुझं कर्जखातं नीट असेल आणि कांडप चालू असेल, तर ती रक्कम कर्जात जमा होते. रोख तुझ्या हातात काही येत नाही. यंत्रसामग्री आणि शेडसारख्या भांडवली खर्चासाठी आहे ते. त्यात मिरचीची पोती बसत नाहीत. हे सगळं त्या सूचनांमध्ये छापलेलं आहे, म्हणून म्हणतो, मूळ कागद वाच.

त्यातच आणखी एक गोष्ट आहे. अर्ज भरायला, प्रकल्प अहवाल करायला, बँकेत पाठपुरावा करायला जिल्ह्याजिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं. आपल्याकडे ही योजना कृषी खातं बघतं, तेव्हा तालुका कृषी कार्यालयात जाऊन आपल्या भागाची संसाधन व्यक्ती कोण, एवढं विचार. केंद्राच्या योजनांना मुदत असते, म्हणून ताजा आदेश कोणता तेही तिथेच विचार आणि त्याची प्रत माग. पाच टक्के कशाचे देणार आहेस तू?

आता दुसरं. तू पाठवलेलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, मी नीट पाहिलं. त्यासाठी पंधराशे रुपये दिलेस. 1 जुलै 2020 पासून चालू असलेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे, एकही कागद अपलोड करावा लागत नाही, आधार आणि पॅन हाताशी असले की घरी बसून होते. पण मला पंधराशेचं दुःख नाही. ते काढून देणाऱ्यानं तुझा व्यवसाय व्यापार म्हणून नोंदवलाय, ते मला झोंबलं. तू मिरची भाजतेस, कांदा-लसूण वाळवून तळतेस, कांडतेस, पॅक करतेस. हे उत्पादन आहे. व्यापाऱ्यांना उद्यममध्ये 2021 साली पुन्हा घेतलं ते फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतं. अडकलेल्या पैशाचं संरक्षण व्यापाऱ्याला नाही, उत्पादकाला आहे. आणि तुझेच दोन मोठे दुकानदार चार-चार महिने बिलं दाबून बसलेत म्हणून तू रडकुंडीला आलीस ना? आज रात्री स्वतः पोर्टलवर जाऊन ती नोंद दुरुस्त कर. दुरुस्तीलाही पैसे लागत नाहीत. स्वतः म्हणजे स्वतः, भावाला सांगू नकोस.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं कलम 15 वाच. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. कलम 16 प्रमाणे उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. कलम 18 प्रमाणे, अशा थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, अर्ज ऑनलाइन जातो. आणि 1961 च्या आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं ते 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते. दुकानदाराशी भांडू नकोस. बिलावर तुझा उद्यम क्रमांक आणि देय तारीख छाप. पुढचं त्याचा सीए त्याला समजावेल.

तू म्हणशील, काका, असं केलं तर गिऱ्हाईक तुटेल. तुटेल कदाचित. माझं तुटलंय. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप होतं, कास्टिंगचं जॉबवर्क. तेव्हा 1993 चा जुना कायदा होता, उशिरा दिलेल्या पैशावर व्याज देण्याचा. मी तो मिळवून वाचला, आणि माझ्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला त्यातलं कलम उतरवून रीतसर पत्र लिहिलं. पैसे आले, पण पुढची ऑर्डर कधीच आली नाही. सगळी एमआयडीसी म्हणाली, पाण्यात राहून माशांशी वैर करतोय. दोन चांगले टर्नर मला दुसरीकडे पाठवावे लागले, त्याची खंत आजही जात नाही. तरीही सांगतो, ते पत्र मी पुन्हा लिहिलं असतं. जे गप्प बसले त्यांना ऑर्डरी मिळत राहिल्या, हे खरं. त्यांची येणी वाढत गेली आणि शेवटी बँकेनं शेडला कुलूप लावलं, हेही मी त्याच रस्त्यावर पाहिलं. माझ्या शेडला कुलूप लागलं नाही. मला लोक हेकट म्हणतात, म्हणू देत. कागद वाचणाऱ्याला आपल्याकडे हेकटच म्हणतात.

मिरचीचं मात्र खरंच काहीतरी बघायला हवं, हंगाम थांबत नाही. खेळत्या भांडवलासाठी सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे, शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत. कर्ज मुद्रा देत नाही, तुझी बँक देते. फोनवर मंजुरीपत्र पाठवून फी मागणारा आला तर फोन ठेव. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2010 मध्येच बँकांना बजावलंय. मॅनेजरनं आईच्या दागिन्यांची गोष्ट काढली तर शांतपणे त्या परिपत्रकाचं नाव घे. शांतपणे म्हणालो मी. आणि अर्ज घेतला नाही तर का घेतला नाही ते लिहून माग.

संकेश्वरीचा या वेळचा भाव काढ, किती पोती लागतील ते मांड, गेल्या वर्षीच्या विक्रीची वही काढ. एवढ्यावर बँकेचा अर्ज होतो. मसुदा लिहून मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो. पण आधी त्या सूचना वाच आणि त्यातलं काय कळलं नाही ते पान क्रमांकासकट कळव. नुसतं "काका, काही कळत नाही" असा मेसेज आला तर मी उत्तर देणार नाही.

आईला नमस्कार सांग. तिचा तो जाडसर दळलेला मसाला बंद करू नकोस, त्याच्यासारखा बाजारात मला अजून मिळालेला नाही.

तुझा,
काका