मिस्सा, कुर्बाना, उपासना

प्रश्न असा आला आहे: "एका सहकाऱ्याच्या लग्नाची पत्रिका मराठीत करून द्यायची आहे. मुलगी वसईची, मुलगा कल्याणचा मल्याळी, दोघेही कॅथलिक. तिच्या घरचे 'मिस्सा' म्हणतात, त्याच्या घरचे 'कुर्बाना'. ऑफिसातले नगरचे एक ख्रिस्ती गृहस्थ म्हणतात, शुद्ध मराठीत 'उपासना' लिहा. वर्तमानपत्रांत तर सरसकट 'प्रार्थनासभा' असते. यातले बरोबर काय?"

मिस्सा आणि कुर्बाना ही एकाच विधीची दोन नावे. शेवटच्या भोजनात येशूने भाकर आणि द्राक्षारस शिष्यांना दिला, त्याचे वेदीवर होणारे स्मरण आणि अर्पण म्हणजे हा विधी. उपासना हा शब्द याहून ऐसपैस आहे. गीते, शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना एवढ्यानेही उपासना पुरी होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे त्यांच्याकडचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, दर रविवारी असतेच असे नाही, उपासना मात्र चुकत नाही. त्यामुळे मिस्सेला उपासना म्हटले तर चूक नाही, पण प्रत्येक उपासनेला मिस्सा म्हणता येणार नाही. नगरच्या गृहस्थांना तो शब्द जवळचा वाटणारच. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्यातून गातात त्या गीतसंग्रहाचे नावच 'उपासना संगीत' आहे.

मिस्सा आला पोर्तुगिजांबरोबर. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, शब्द मागे राहिले. नाताळ, पाद्री, क्रूस हे सगळे त्याच वाटेने आलेले. यातला 'क्रूस' तर पुढे आलेल्या प्रॉटेस्टंटांनीही तसाच ठेवला आणि 'नाताळ' आज हिंदू घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही असतो. गोव्यात आणि मंगळूरकडे कोंकणीत याच शब्दाचे 'मीस' झाले.

पोर्तुगीज 'मिस्सा' मूळ लॅटिन. विधी संपताना पुरोहित म्हणत, 'ईते, मिस्सा एस्त'. म्हणजे साधारण 'जा आता, निरोप झाला'. 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, त्यावरून हा 'मिस्सा'. सबंध विधीला नाव मिळाले ते त्याच्या शेवटच्या वाक्यावरून! मला हे फार गमतीचे वाटते, कारण आपल्याकडे पूजेला कोणी 'विसर्जन' म्हणत नाही.

ही मिस्सा वसईतही शतकानुशतके लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, तेव्हा लोकभाषांना वाट मिळाली आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. नाव मात्र कोणी बदलले नाही. छापील मजकुरात 'मिस्साबलिदान' असा जोडशब्द दिसतो, बोलताना मिस्साच. तसा लॅटिन विधीही कधी निव्वळ लॅटिन नव्हता. 'किरिए एलेइसोन', म्हणजे 'प्रभो, दया कर', हे ग्रीक आहे आणि 'आमेन', 'हालेलुया' हे हिब्रू. मुंबईत एकाच चर्चच्या फलकावर इंग्रजी, कोंकणी, मराठी, तमिळ मिस्सांच्या वेळा एकाखाली एक लिहिलेल्या असतात. भाषा चार, पण हे हिब्रू शब्द चारही रांगांत तेच.

आता कुर्बाना. केरळच्या सीरियन परंपरेच्या ख्रिश्चनांची उपासनेची जुनी भाषा सिरियाक, म्हणजे अरामाईकचीच एक बोली. त्यांच्यातल्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चमध्ये १९६२ पासून विधी मल्याळममध्ये होऊ लागला, पण त्यांनीही शब्द सोडला नाही. आज ते 'विशुद्ध कुर्बाना' म्हणतात, म्हणजे विशेषण संस्कृत आणि नाम सिरियाक. मराठी माणसाच्या कानाला 'कुर्बाना' ऐकून बकरी ईद आठवते, आणि ते अगदीच अस्थानी नाही. सिरियाक 'कुर्बाना', हिब्रू 'कोर्बान' आणि अरबी 'कुर्बान' हे सख्खे भाऊ. अर्पण हाच तिन्हींचा अर्थ. आपले 'कुर्बानी' फारसी-उर्दूमार्गे आले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तर मूळ ग्रीक मजकुरातच हा शब्द ठेवून पुढे 'म्हणजे अर्पण' असा खुलासा केलेला आहे.

या शब्दाचा धातू क-र-ब, अर्थ 'जवळ येणे'. हिंदीतला 'करीब' त्यातलाच. आणि 'उपासना'? उप + आस्, जवळ बसणे. दोन्ही भाषाकुळांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेव्हा यातून 'सगळे मूळचे एकच' असा सिद्धांत कृपया कोणी काढू नये. असे सिद्धांत लोक फार हौसेने पुढे पाठवतात.

राहिली 'प्रार्थनासभा'. बातमीत कोणत्याही धर्माचे काहीही त्यात बसवता येते, म्हणून वार्ताहरांना हा शब्द सोयीचा पडत असावा. मला तो मिळमिळीत वाटतो, आणि पत्रिकेत तर नकोच. मुंबईकडे 'प्रार्थनासभा' म्हटले की लोक पांढरे कपडे घालून, कोण गेले ते विचारत येतील.

माझे मत: लग्न ज्या चर्चमध्ये लागणार, तिथला शब्द लिहा. वसईत असेल तर 'लग्नाची मिस्सा', कल्याणच्या मल्याळी चर्चमध्ये असेल तर 'विवाहविधी व कुर्बाना'. ज्यांना बोलावताय त्यातल्या निम्म्यांना तरी तो ओळखीचा असेल, आणि बाकीचे विचारून घेतील. मिस्सा स्त्रीलिंगी चालवा, म्हणजे 'मिस्सेला' लिहा. बोलण्यात 'मिस्साला' ऐकू आले तरी बिचकू नका. इंग्रजी पत्रिकेवरून उतरवताना 'मास' मात्र लिहू नका. 'सकाळी दहा वाजता मास' हे एखाद्या अनुस्वारप्रेमी छापखान्याच्या हाती लागले, तर जेवणाचा बेत आधीच फुटल्यासारखे होईल.