वाचक विचारतात : पाहुण्या संघामागून नॉन-लीग मैदानावर

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि मुलांकडे तिकडे जाणाऱ्या वाचकांनी छोट्या क्लबांच्या फुटबॉलबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

मुलाकडे स्लावला तीन महिने आहे. प्रीमियर लीगचं तिकीट काही मिळत नाही. शेजारी म्हणतात, नॉन-लीग बघा. हे काय असतं आणि सुरुवात कुठून करावी?
— वाचक, पुणे

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्या खालचं सगळं ते नॉन-लीग. पाचव्या पातळीवर २४ क्लबांची नॅशनल लीग, सहाव्यावर तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, सातव्यावर चार विभाग, आणि पुढे जिल्ह्या-जिल्ह्यापर्यंत शाखा फुटत जातात. सातव्या पातळीवरचे खेळाडू बहुतेक नोकरी सांभाळून खेळतात. तिकीट साधारण १२ ते १५ पाउंड, तेही सहसा फाटकावरच मिळतं. लहान मुलांना अनेक ठिकाणी फुकट किंवा दोन-तीन पाउंडात सोडतात. सदस्यत्व वगैरे काही लागत नाही.

तुमच्या दारातच स्लाव टाउनचं आर्बर पार्क आहे, स्टेशनपासून साधारण वीस मिनिटांची चाल. पहिला सामना तिथेच पाहा, आणि मग त्याच संघामागून परगावी जा. परगावचा सामना निवडताना लीगची पातळी बघू नका, स्टेशनपासून मैदान किती लांब ते बघा. शनिवार वाया जातो तो वाईट खेळामुळे नव्हे. रविवारसारखं तुरळक वेळापत्रक असलेल्या बसची वाट पाहण्यात तो जातो.

या कसोटीवर दोन मैदानं पहिल्या नंबरात बसतात. लुइस क्लबचं ड्रिपिंग पॅन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून रेल्वेने सव्वा तासाच्या आत येतं. मैदान स्टेशनच्या मागेच, पाच मिनिटांवर. भोवती गवताचे उतार आहेत आणि समोर साउथ डाउन्सच्या टेकड्या दिसतात. दुसरं डलिच हॅम्लेटचं चॅम्पियन हिल, ईस्ट डलिच स्टेशनला लागूनच. दोन्ही नावांचा उच्चार स्पेलिंगवरून करू नका. 'ल्यूज' आणि 'डलविच' म्हटलंत की तिकीट खिडकीवरचा माणूस हसतो. समजतं त्याला, पण हसतो.

जुलैमध्ये वेळापत्रक जाहीर झालं तेव्हाच ऑक्टोबरच्या एका शनिवारची स्वस्त ॲडव्हान्स तिकिटं काढली. सप्टेंबरमध्ये सामना मंगळवारी रात्री हलवला. पैसे गेले. चूक कुठे झाली?
— वाचक, रेडिंग

चूक जुलैत झाली. नॉन-लीगचं जुलैचं वेळापत्रक कच्चं समजावं. कारण आहे हरला तो बाहेर अशा चषकस्पर्धा. एफ.ए. कपच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टपासून सुरू होतात. सहाव्या पातळीचे क्लब त्यात सप्टेंबरमध्ये उतरतात, पाचव्याचे ऑक्टोबरमध्ये. शिवाय पाचव्या ते आठव्या पातळीसाठी एफ.ए. ट्रॉफी आहे, आणि त्याखालच्यांसाठी एफ.ए. व्हाज. कपाची फेरी ज्या शनिवारी असेल त्या दिवशी दोघांपैकी एकही संघ स्पर्धेत टिकून असला, तर लीगचा सामना मंगळवारी जातो. तो संघ कोण असेल हे दोन आठवडे आधीपर्यंत ठरत नाही. सहाव्या पातळीच्या मेडस्टोन युनायटेडने जानेवारी २०२४मध्ये चौथ्या फेरीत इप्सविच टाउनला २–१ हरवलं. अशी मजल मारली की क्लबाची तिजोरी भरते, पण लीगचे सामने मागे तुंबत जातात आणि वसंतात आठवड्याला दोन-तीन उरकावे लागतात.

तेव्हा हे करा. तारीख निवडली की त्या शनिवारी कपाची कोणती फेरी आहे ते आधी पाहा. फेरी असेल तर तिकीट काढू नका. फेरी नसली तरी ॲडव्हान्सच्या मोहात पडताना विचार करा : ते तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं आणि पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटण्यापूर्वी तारीख बदलता येते, पण शुल्क आणि भाड्यातला फरक द्यावा लागतो. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं, परतीचं तिकीट थोडं महाग पडतं, मात्र शनिवारी सहसा दिवसभर चालतं, परतताना कुठलीही गाडी धरता येते, आणि न वापरलेलं तिकीट शुल्क कापून परत करता येतं. तीन ते नऊ जण एकत्र जात असाल तर ग्रुपसेव्ह मागा, बऱ्याच रेल्वे कंपन्या ऑफ-पीक भाड्यात एक तृतीयांश सूट देतात. दोघंच असाल आणि वर्षातून चार-पाच फेऱ्या होणार असतील तर दोघांना एकत्र प्रवासात सूट देणारं टू टुगेदर रेलकार्ड काढा.

आणखी एक रस्ता लोक विसरतात. अनेक क्लब चाहत्यांसाठी बस काढतात, काही ठिकाणी खेळाडूंच्या बसमधल्या उरलेल्या जागाही देतात. बस थेट मैदानाच्या दारात सोडते. सामनाच रद्द झाला तर बस निघतच नाही.

सामना रद्द होणार हे सकाळी घरी बसून कसं ओळखायचं? दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलो.
— वाचक, मिल्टन कीन्स

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रश्न दर आठवड्याला असतो, म्हणून थोडं सविस्तर.

रद्द होण्याची कारणं दोन, पाणी आणि गारठा. दोन्ही वेगळी ओळखावी लागतात.

पावसाचं आधी. शनिवारी किती पडला यापेक्षा गुरुवार-शुक्रवारी किती पडला हे महत्त्वाचं. चिकणमातीचं मैदान आधीच तुडुंब भिजलेलं असेल तर शनिवारची हलकी सरही त्याला पुरते. पंच मैदानावर येतो तो चेंडू घेऊन. गोलसमोरच्या तुडवलेल्या जागेत आणि कडेच्या रेषेजवळ, जिथे सहाय्यक पंच पळून पळून गवत संपवतो तिथे, तो चेंडू टाकतो आणि लोटून पाहतो. चेंडू उसळला नाही किंवा पाणी उडवत मध्येच थांबला, तर खेळ संपला. बागकामाच्या लोखंडी काट्यांनी भोकं पाडून पाणी खाली उतरवायला माणसं धडपडतात, पण खालची मातीच भरलेली असेल तर त्या भोकांतून पाणी वर येतं.

गारठ्याचं फसवं असतं. दहा वाजता ऊन पडतं, मैदानाचा तीन चतुर्थांश भाग मऊ होतो, आणि तरी सामना रद्द. कारण स्टँडच्या सावलीतली पट्टी. डिसेंबरात सूर्य इतका खालून जातो की त्या पट्टीवर दिवसभर ऊन येत नाही. बुटाचे खिळे तिथे रुतत नाहीत, फरशीवर वाजावेत तसे वाजतात. एका पट्टीसाठी सगळा सामना जातो, आणि ते बरोबरच आहे, कारण गुडघा त्याच पट्टीवर फुटतो.

आता वेळेचं गणित. रात्री थंडी किंवा पाऊस झाला असेल तर यजमान क्लब सकाळी जवळच्या एखाद्या पंचाला बोलावून पाहणी करून घेतो, म्हणजे पाहुण्यांची बस निघण्याआधी निकाल लागतो. पाहणीची वेळ क्लब आपल्या समाजमाध्यमावर आदल्या रात्रीच टाकतो. दोन्ही क्लबांची खाती उघडा : यजमानांकडून मैदानाची बातमी मिळते, पाहुण्यांकडून बस निघाली की नाही ते. 'सामना होणार' याचा अर्थ 'आत्तापर्यंत तरी' एवढाच. त्या दिवशीचा पंच दुपारी येऊन स्वतः पुन्हा बघतो आणि त्याचा शब्द शेवटचा. तुमची गाडी सकाळी नऊची आणि पाहणी साडेदहाची असेल तर घरून निघू नका, साडेदहानंतरची गाडी धरा. पूर्वार्ध हुकला तरी चालेल, दिवस हुकत नाही.

जानेवारीत धोका नकोच असेल तर कृत्रिम गवताचं मैदान निवडा. मेडस्टोनकडे ते २०१२ पासून आहे, स्लावच्या आर्बर पार्कवरही आहे. त्याच्यावर सहसा पाणी साचत नाही. बर्फ आणि कडक गारठा मात्र त्यालाही अडवतो. वरच्या चार पातळ्यांवर अशा मैदानाला परवानगी नाही. सटन युनायटेडला २०२१मध्ये बढती मिळाली तेव्हा आपलं कृत्रिम गवत उखडून खरं लावावं लागलं.

आम्ही शाकाहारी. चहाच्या खिडकीवर काय घ्यावं?
— वाचक, लीड्स

चहा घ्या, आणि पदार्थाआधी तळण विचारा. यॉर्कशायरमध्ये आणि एकूणच उत्तरेकडे चिप्स अजूनही बऱ्याच ठिकाणी ड्रिपिंगमध्ये तळतात, म्हणजे गोमांसाच्या चरबीत. बटाटा शाकाहारी, कढई नाही. 'चिप्स व्हेजिटेबल तेलात का?' एवढं विचारलं की खिडकीवरची बाई सरळ सांगते, कुणी वाईट मानत नाही. (लुइसच्या मैदानाच्या नावातलं ड्रिपिंग वेगळं, घाबरू नका.)

बॉव्हरिल नावाचं काळं गरम पेय थंडीत सगळे पितात. कप हातात धरला की बरं वाटतं. पण तो गोमांसाचा अर्क आहे. दिसायला काळ्या चहासारखा असल्याने पाहुणे फसतात. 'पाय' (pie) म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, त्यात 'चीज अँड ओनियन' आहे का विचारा. एकच कपाट भरून गरम करतात, दोन-चारच असतात आणि मध्यंतराआधी संपतात. म्हणून चाळिसाव्या मिनिटाला रांगेत उभं राहा. त्या पाच मिनिटांत गोल झाला तर झाला.

खाण्याची चिंता अजिबात नको असेल तर ग्लॉस्टरशायरमधल्या नेल्सवर्थचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स पाहा. २०१५ पासून त्यांच्या मैदानावर फक्त व्हीगन अन्न मिळतं, आणि २०२४मध्ये तो क्लब उतरून पुन्हा नॉन-लीगमध्ये आला. स्ट्राउड स्टेशनवरून बस घ्यावी लागते आणि गावातून मैदानापर्यंत चढ चांगलाच दमवतो. जेवण वर गेल्यावरच करा.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील–दिलबहार या आमच्या दोन संघांचा फुटबॉल सामना म्हणजे काय वातावरण असतं ते सांगायला नको. इथे म्हणे दोन्ही बाजूंचे लोक एकत्रच उभे राहतात. खरं का?
— वाचक, हडर्सफील्ड

सातव्या पातळीपासून खाली बहुतेक खरं. वेगळं दार नाही, मध्ये जाळी नाही. उलट एक पद्धत तुम्हाला आवडेल : पाहुणे चाहते आपला संघ ज्या गोलवर चाल करणार त्यामागे उभे राहतात आणि मध्यंतराला बाजू बदलली की झेंडे उचलून मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात. वाटेत यजमानांचा घोळका समोरून येतो. टोमणे होतात, तेवढंच. गोलरक्षकाला ९० मिनिटं ऐकून घ्यावं लागतं आणि बरेच गोलरक्षक उत्तरही देतात.

पाचव्या पातळीवर मात्र मोठे, नाव असलेले क्लब खाली आलेले असतात. तिथे पाहुण्यांसाठी वेगळा भाग असू शकतो. कोणत्या फाटकाने जायचं ते आधी पाहा आणि आपल्या संघाचा मफलर घालून यजमानांच्या भागात शिरू नका. दारूचा नियमही इथेच बदलतो : १९८५च्या कायद्यानुसार पाचव्या पातळीपर्यंत मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही, आणि अशा सामन्याला जाणाऱ्या चाहत्यांच्या बसमध्येही दारू चालत नाही. त्याखाली लीगच्या सामन्यात बहुतेक क्लब प्लॅस्टिकच्या ग्लासातून बाहेर नेऊ देतात.

खिशात पाच-दहाच्या नोटा मिळून वीस पाउंड असू द्या. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण फाटकापाशी मोबाइलची रेंज गेली की यंत्र फिरत बसतं, आणि सोडतीची तिकिटं विकणारा म्हातारा अजून रोखच घेतो.

थंडीचं काय? बायको म्हणते, दोन तास उभं राहायचं तर मी येत नाही.
— वाचक, कोव्हेंट्री

थंडी पायांतून चढते, अंगातून नव्हे. काँक्रीटच्या पायऱ्या रात्रभर गार झालेल्या असतात. जाड तळव्याचे बूट घ्या, अर्धा नंबर मोठे. दोन मोजे घालून बूट घट्ट झाले तर पाय अधिकच गारठतो. जुने प्रेक्षक पुठ्ठ्याचा तुकडा आणून त्यावर उभे राहतात, हसू नका, तुम्हीही आणा. छत्री चालते, पण मागच्याला दिसत नाही, टोपीचं जाकीट बरं. आणि बसायला स्टँड असतोच, काही क्लब त्यासाठी एक-दोन पाउंड जास्त घेतात. ते वहिनींसाठी द्या.

शेफील्डला एक दिवस आहे. काय पाहावं?
— वाचक, बर्मिंगहॅम

शेफील्ड एफ.सी. हा १८५७चा, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. त्याचं मैदान आता शहराबाहेर ड्रॉनफील्डला आहे. शेफील्डहून चेस्टरफील्डकडे जाणाऱ्या लोकलचं पहिलंच गाव, मैदान पबच्या शेजारी. दुसरा हॅलम एफ.सी., १८६०चा. त्याचं सँडीगेट मैदान शहराच्या पश्चिमेला क्रॉसपूलच्या चढावर, आणि ते सर्वांत जुनं फुटबॉल मैदान मानलं जातं. या दोघांचा पहिला सामना तिथेच २६ डिसेंबर १८६० रोजी झाला.

दोन्हीकडे शनिवारी तीनलाच सुरुवात, त्यामुळे एकच निवडा. आम्ही सँडीगेट निवडू. मैदान उतरतं आहे, आणि ते फोटोत कळत नाही. वरच्या अंगाला उभं राहिलात तर पलीकडच्या कोपऱ्यातला खेळाडू खड्ड्यात धावतोय असं वाटतं. नाणेफेकीकडे लक्ष ठेवा आणि चेंडू उताराला लागला की बचावपटू किती उशिरा वळतात ते पाहा, पाहुण्या संघाचे पहिली वीस मिनिटं हमखास फसतात.